मावशी नसल्याचा पुरावा

जन्माचा दाखला मिळतो, लग्नाचा मिळतो, माणूस गेल्याचाही मिळतो. पण अमुक एक बाई तमुक एका मुलीची मावशी नाही, याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो हे वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल, तर मला जरूर कळवा. मला तो एकदा फार तातडीने हवा होता. तो मिळाला नसता तर चँडलरमधल्या एका काकूंचं घर हातचं गेलं असतं, आणि त्याला निम्मी जबाबदार मी असते. माझ्या नवऱ्याच्या मते पाऊण.

मी विमा विकते. मूळची नागपूरची. ॲरिझोनाला निघाले तेव्हा लोकांनी उन्हाची भीती घातली होती. मी नुसती हसले होते. चँडलरला एक नेल सलून आणि एक स्मूदीचं दुकान यांच्या मधोमध माझं ऑफिस आहे. तिन्ही दारं सारखीच दिसतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी बाई आत येऊन माझ्यासमोर दोन्ही हात पसरून बसते. नखं मी करत नाही. पण हात समोर आलेच आहेत तर घराचा विमा काढलाय का, एवढं विचारून घेते. अशी माझी चार गिऱ्हाइकं झालेली आहेत.

इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात मला दर वर्षी सासूचं काम मिळतं. एकदा मी हट्टाने नायिकेचं मागितलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "मीनलताई, तुम्ही प्रेमाचं वाक्य म्हणता तेव्हा प्रीमियमची आठवण करून देताय असं वाटतं." असो. आवाज फेकायची ती सवय पुढे कामाला आली, ते सांगतेच.

माझं खास गिऱ्हाईक म्हणजे घर चार दिवसांसाठी भाड्याने देणारे लोक. फोनवरच्या ॲपवर घराचे फोटो टाकायचे, कोणीतरी बुकिंग करतं, राहतं, जातं. या धंद्यात घरमालकाला होस्ट म्हणतात आणि राहायला येणाऱ्याला गेस्ट. आता, पैसे देऊन राहतो तो गेस्ट, ही गोष्ट अमेरिकन माणसाला पटकन कळते. आपल्या माणसाची इथेच पंचाईत होते. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे म्हटलं की त्याला कसंसंच होतं, मग तो भरपाई म्हणून थालीपीठ खायला घालतो.

विम्याचं म्हणाल तर गोष्ट साधी आहे. घराचा नेहमीचा विमा, तुम्ही त्या घरात राहता असं धरून दिलेला असतो. तुम्ही पैसे घेऊन परक्या माणसाला ठेवलंत की विमा कंपनीच्या लेखी तुम्ही लॉज उघडलंत. मग त्या परक्याने बाथटब भरायला लावला आणि झोपी गेला, तर कंपनी म्हणते, लॉजचा विमा आम्ही कुठे दिला होता? ॲपवाले म्हणतात, "आम्ही आहोत ना!" आहेत, पण त्यांच्या अटींसकट आहेत, आणि त्या अटी वाचेपर्यंत छतातून पाणी गळायला लागतं. म्हणून अशा घरांसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. ती मी देते.

या पॉलिसीपायी मी माणसांचे काय काय नमुने पाहिले! श्रीरंगराव म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी घर भाड्याने दिलं, पण पाहुण्यांवर विश्वास बसेना. म्हणून स्वतः त्याच घराच्या गॅरेजमध्ये खाट टाकून राहिले. दुसऱ्या दिवशी पाहुणीने गाडी आत घ्यायला गॅरेज उघडलं, तर समोर लुंगीतला माणूस पोहे खात बसलेला. तिने किंचाळून पोलीस बोलावले. पोलिसांनी विचारलं, "तुम्ही कोण?" श्रीरंगराव म्हणाले, "मालक." पोलीस म्हणाले, सगळे असंच म्हणतात. सुटल्यावर त्यांचा पहिला फोन मला. "मीनल, हे पॉलिसीत बसतं का गं?" मी म्हटलं, "काय बसतं?" म्हणाले, "माझी झालेली बेअब्रू." मी त्यांना सांगितलं की बेअब्रू झाल्यावर तिचा विमा काढता येत नाही.

पण सांगायची आहे ती सुनंदाकाकूंची गोष्ट.

सुनंदाकाकू सत्तरीच्या. यजमान इथल्याच चिप बनवणाऱ्या कंपनीत होते, ते गेल्यावर काकू मोठ्या घरात एकट्या राहिल्या. घराच्या आवारात, संत्र्याच्या झाडाशेजारी एक कसीटा आहे. कसीटा म्हणजे वेगळं छोटं घर: एक खोली, मोरी, ओट्यापुरतं स्वयंपाकघर. ते काकू पाहुण्यांना द्यायच्या. त्यावर त्यांचं घर चालायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांची करमणूकही व्हायची. त्यांच्याबद्दल ॲपवर एका पाहुण्याने लिहिलं होतं, "यजमानीणबाईंनी इतकं खायला घातलं की मला गाडी चालवता येईना."

मुलगा निखिल क्युपर्टिनोला. भला मुलगा आहे, पण दर रविवारी फोनवर त्याचं एकच पालुपद. "आई, प्लीज. सेल द हाउस. इकडे ये. वरच्या मजल्यावर तुझी बेडरूम रेडी आहे." काकू मला म्हणायच्या, "वरच्या मजल्यावर काय करू गं मी? खिडकीतून त्याच्या शेजाऱ्याची गाडी बघू?" कसीटा चालू आहे तोवर त्यांना कोणी हलवू शकत नव्हतं. कसीटा बंद पडला असता, तर त्यांच्याकडे निखिलला द्यायला उत्तर उरलं नसतं.

त्या वर्षी तेजल म्हणून पुण्याची एक मुलगी नव्या नोकरीवर आली. तिचं अपार्टमेंट तीन आठवड्यांनी मिळणार होतं, तोवर तिने कसीटा बुक केला. पहिल्याच सकाळी ती "काकू, चहापत्ती आहे का?" म्हणत दारात आली, आणि दुपारपर्यंत त्यांची मैत्री झाली.

आता आग कशी लागली ते ऐका. तेजलने डाळीचा कुकर लावला. तीन शिट्ट्या मोजायच्या आणि बंद करायचा, हे आपल्याकडे जन्मतःच कळतं. पण तेवढ्यात तिची मीटिंग सुरू झाली आणि तिने हेडफोन चढवले, बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे, महागातले. कुकर बिचारा शिट्ट्या देऊन देऊन थकला. पाणी संपलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, डाळ छताला लागली आणि शेगडीशेजारच्या नॅपकिनने पेट घेतला. वरची लाकडी कपाटं धडधडून पेटली. तेजल धावत बाहेर आली. बंबवाले आले, त्यांनी आग विझवली आणि विझवताना जे जळलं नव्हतं ते भिजवलं. कोणाला खरचटलंही नाही. काकूंच्या फोनवरून मी धावत पोचले, तेव्हा एक बंबवाला छताकडे बघत मला म्हणाला, "मॅम, इथे नक्की कशाचा स्फोट झाला?" मी म्हटलं, "डाळीचा." त्याने ते लिहून घेतलं.

मला मुळीच काळजी नव्हती. पॉलिसी मीच दिलेली, आग म्हणजे सरळ क्लेम. कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे नुकसानीची चौकशी करून क्लेम मंजूर की नामंजूर ते ठरवणारा माणूस, काकूंना फोन करून प्रश्न विचारणार होता. ते बोलणं रेकॉर्ड होतं. काकू घाबरल्या. "इंग्रजीत गं? काय बोलू मी?"

आणि मी, इतकी वर्षं या धंद्यात मुरलेली बाई, म्हणाले, "काही नाही हो काकू. जे आहे ते सांगा. अगदी घरच्यासारखं बोला."

त्या अगदी घरच्यासारखं बोलल्या.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. क्लेम रोखून ठेवला होता. कारण, घटनेच्या वेळी कसीट्यात राहणारी व्यक्ती ही विमाधारकाची भाची असल्याचं विमाधारकाने स्वतः सांगितलं आहे. आमच्या पॉलिसीत स्पष्ट आहे: नातेवाईक हा गेस्ट नव्हे, त्याने बुकिंग केलेलं असलं तरी. मी घाईघाईने घराची नेहमीची पॉलिसी काढून पाहिली. तिच्यात लिहिलं होतं की आवारातलं वेगळं घर भाड्याने देत असाल, तर ते आमच्यात धरू नका. म्हणजे एक पॉलिसी म्हणे हे भाड्याचं घर आहे, आमचं नाही. दुसरी म्हणे हे नातेवाइकाचं राहणं आहे, आमचं नाही. कसीटा दोन्हींच्या मधल्या फटीत पडला होता.

मी रेकॉर्डिंगचा लेखी उतारा मागवला. ॲडजस्टरचं नाव ब्रायन. आवाज इस्त्री केल्यासारखा. त्याने विचारलं होतं, "इज द गेस्ट रिलेटेड टू यू?" आणि काकूंनी उत्साहाने सांगितलं होतं, "यस, यस! शी कॉल्स मी मावशी. मावशी मीन्स मदर्स सिस्टर. शी इज माय ओन ओन्ली."

ते 'ओन्ली' वाचून मी डोकं धरून बसले.

संध्याकाळी काकूंकडे गेले. जळका वास अजून आवारात होता. काकू ओट्याशी भाजी चिरत होत्या, आणि तेजल, जी आता मोठ्या घरातल्या खोलीत राहत होती, टेबलाशी लसूण सोलत होती.

"काकू, तुम्ही त्याला मावशी कशाला सांगितलं?"

"मग काय सांगू? ती म्हणतेच मावशी."

"अहो, पण तुम्ही तिच्या मावशी नाही आहात!"

काकूंनी सुरी खाली ठेवली. "असं तू ठरवणार?"

"मी नाही, विमा कंपनी ठरवणार! ब्रायन परत फोन करणार आहे. त्याला फक्त स्वच्छ सांगायचं, ती माझी कोणी नाही."

"हे मी सांगणार नाही."

"काकू!"

"हे बघ मीनल, चँडलरमध्ये झाडून सगळे मला काकू म्हणतात. पोस्टमनसुद्धा म्हणतो. चार भावांत मी एकटी बहीण. आत्या झाले, काकू झाले, मामी झाले. मावशी कोण म्हणणार मला? म्हणून या पोरीला पहिल्याच दिवशी सांगितलं, तू काकू नको म्हणूस, मावशी म्हण. सत्तर वर्षांनी एक जण मावशी म्हणायला लागलं, आणि तिच्यासमोर म्हणू, कोणी नाही? रेकॉर्ड करून?"

तेजल म्हणाली, "मावशी, सांगा ना खरंच. माझ्यामुळे एवढं झालंय. मला काही वाटणार नाही."

"तुला नाही वाटणार गं. मला वाटेल."

मी हात टेकले. एजंटला गिऱ्हाइकाच्या तोंडी उत्तर घालता येत नाही. तसं केलं तर माझं लायसन्स जाईल, आणि गेलेलं चांगलंच. शिवाय काकू खोटं थोडंच बोलत होत्या! तेवढ्यात फोन वाजला. निखिल. त्याला पत्राचं कळलं होतं. स्पीकरवरून त्याचा आवाज आला, "आई, आता तरी ऐक. घर विकून देणाऱ्या एका रियल्टरशी बोललोय मी. ही विल कम सॅटर्डे."

काकूंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्यांना एवढ्या कमी शब्दांत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या परत भाजी चिरायला लागल्या, पण चिरलेलीच परत चिरत होत्या.

ब्रायनचा फोन शुक्रवारी सकाळी ठरला. जेवणाच्या टेबलावर काकूंचा फोन स्पीकरवर. एका बाजूला मी, एका बाजूला तेजल. तिचंही निवेदन घ्यायचं होतं. ब्रायनने आधी तारीख, वेळ, सगळ्यांची नावं नोंदवली आणि मग त्याच इस्त्रीच्या आवाजात विचारलं, "मिसेस, कृपया तुमचं आणि या गेस्टचं नातं सांगा."

काकू तेजलकडे बघत होत्या. तेजल टेबलाकडे बघत होती. ब्रायन म्हणाला, "हॅलो? आर यू देअर?"

माझ्यातली सासू उठून उभी राहिली. मी घसा साफ केला आणि रंगमंचावरच्या आवाजात म्हणाले, "ब्रायन, मी एजंट बोलतेय. एक शंका आहे. तुमच्याच उताऱ्यात आमच्या विमाधारकांनी तुम्हाला नऊ वेळा 'माय सन' म्हटलंय. पान दोन, पान तीन, आणि पान चारवर तर 'लिसन, माय सन, आर यू ईटिंग प्रॉपरली?' असं आहे. त्यांचा शब्द जर नात्याचा पुरावा असेल, तर तुम्ही त्यांचे चिरंजीव ठरता. मग स्वतःच्या आईचा क्लेम तुम्हाला तपासता येतो का?"

तेजलने तोंडावर ओढणी दाबली. मग ब्रायनच्या आवाजाची इस्त्री पहिल्यांदा किंचित मोडली.

"मॅम, मला समजलं तुम्ही काय म्हणताय. पण हे मला फाइलमध्ये लिहिता येणार नाही. मला नातं आहे की नाही, तेवढंच हवंय."

टाळी मिळाली, क्लेम नाही! नाटकातही माझं पुष्कळदा असंच होतं. काकूंकडे पाहिलं, तर त्या ओठ घट्ट मिटून बसलेल्या. कोणी नाही, हे शब्द त्या घर गेलं तरी उच्चारणार नव्हत्या, हे मला त्या क्षणी कळलं. आणि त्याबरोबरच, दोन दिवसांपूर्वी भाजी चिरताना त्यांनी मला काय सांगितलं होतं ते डोक्यात लख्ख पेटलं. सगळं उत्तर ओट्यावर पडलेलं होतं आणि मी त्यांच्याशी भांडत बसले होते.

"ब्रायन," मी म्हटलं, "मावशी म्हणजे आईची बहीण, हे त्यांनीच तुम्हाला सांगितलंय. मग तुम्ही त्यांना बहिणी किती, तेवढं विचाराल का?"

तो म्हणाला, "मिसेस, डू यू हॅव एनी सिस्टर्स?"

काकूंनी मान वर केली. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता.

"नो. नो सिस्टर. फोर ब्रदर्स. ऑल यूसलेस."

"सावत्र? दत्तक?"

"नथिंग. माय मदर वॉन्टेड. बट ओन्ली ब्रदर्स, ब्रदर्स, ब्रदर्स, ब्रदर्स."

"या गेस्ट तुमच्या भावांपैकी कोणाची मुलगी आहेत का?"

"नो! दे हॅव ओन्ली सन्स. सेम लाइक फादर्स."

"तुमच्या दिवंगत यजमानांच्या नात्यातल्या?"

"ही वॉज फ्रॉम बडोदा," काकू म्हणाल्या, जणू एवढ्यावर विषय संपला. मी खूण केली तेव्हा त्यांनी पुढे "नो" जोडलं.

ब्रायन टाइप करत होता, कळांचा आवाज येत होता. मग त्याने तेजलला विचारलं. तिने सांगितलं की ॲपवर बुकिंग करेपर्यंत तिने या बाईंचं नावही ऐकलं नव्हतं, चँडलरमध्ये ती कोणालाच ओळखत नव्हती, आणि हेडफोनची चूक तिची होती. एवढं धीटपणे सांगितलं आणि मग तिला रडूच आलं. काकूंनी टेबलाखालून तिचा हात धरला. ते रेकॉर्ड झालं नाही.

"ठीक आहे," ब्रायन म्हणाला. "मी नोंद करतो. विमाधारकाला बहीण नाही. संबोधन केवळ आदरार्थी." मग जरा घुटमळून, अगदी खालच्या आवाजात त्याने विचारलं, "बाय द वे, मी तुम्हाला काय म्हणावं?"

"क्लेम संपेपर्यंत," काकू खणखणीत मराठीत म्हणाल्या, "मॅडम!" आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला." मी भाषांतर केलं.

क्लेम मंजूर व्हायला आणखी काही आठवडे गेले. सुतार आला, रंगारी आला. छतावरचा डाळीचा डाग तीन हात देऊनही फिकट पिवळा दिसत राहिला, तेव्हा काकूंनी छतच पिवळं करून घेतलं. रियल्टर त्या शनिवारी आला होता; काकूंनी त्याला थालीपीठ खायला घालून परत पाठवलं. तेजल आपल्या अपार्टमेंटमध्ये गेली. तिथे ती कुकर लावते तेव्हा हेडफोन कपाटात ठेवते आणि कपाटाला कडी घालते, असं तिने मला शपथेवर सांगितलंय.

आता मी रेकॉर्डिंगच्या आधी कोणाला "घरच्यासारखं बोला" म्हणत नाही. "दारात आलेल्या कुरिअरवाल्याशी बोलता तसं बोला," म्हणते. चूक माझी होती, ती मी मान्य करते. पण खरं सांगू का, नोंदीतलं ते 'संबोधन केवळ आदरार्थी' वाचताना मला विजय मिळाल्यासारखं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. एक खरं नातं कागदावर खोडून काढण्यात मी इतकी हुशारी दाखवली होती.

थँक्सगिव्हिंगच्या आधी मी पॉलिसीच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन काकूंकडे गेले होते. निखिलचा फोन आला. तो, बायको आणि दोन मुलं चार दिवसांसाठी येणार होते. "आई, आम्ही कसीट्यात राहतो ना. मुलांना प्रायव्हसी लागते."

काकूंनी माझ्या हातातली पॉलिसी घेतली, चष्मा लावला, आणि बोट ठेवून बरोबर ते कलम काढलं.

"नाही रे बाळा, जमणार नाही," त्या म्हणाल्या. "तू नातेवाईक आहेस. पॉलिसीत बसत नाहीस. तुम्ही चौघं हॉलमध्ये झोपा."